कुरवाळण्याचा वेग

‘लालयेत् पञ्च वर्षाणि, दश वर्षाणि ताडयेत्’ हे सुभाषित ऐकवणाऱ्यांचा सगळा जोर ‘ताडयेत्’वर, म्हणजे मार देण्यावर असतो. मला मात्र त्यातल्या पहिल्या शब्दाचं कुतूहल आहे. संस्कृतात ‘लल्’ म्हणजे खेळणं, बागडणं. त्याचं प्रयोजक रूप ‘लालयति’, म्हणजे खेळवणं आणि त्यातूनच लाडानं कुरवाळणं. ललित, लालित्य हे याच धातूचे. कमलचं कमळ झालं तसा ‘ल’चा ‘ळ’ होऊन मराठीला ‘लळा’ मिळाला.

चोळणं, थोपटणं, चाचपणं, कुरवाळणं ही क्रियापदं आपण कधी एकमेकांच्या जागी वापरत नाही. दाब वेगळा, वेग वेगळा. गंमत म्हणजे आपली त्वचाही हा भेद करते.

डास बसला हे कळवणारे चेतातंतू मायलिन या स्निग्ध पदार्थाच्या आवरणातले. त्यांचा संदेश सेकंदाला ५० मीटरच्या आसपास धावतो. त्यांच्या जोडीला केसाळ त्वचेत आवरण नसलेले, बारीक ‘सी-टॅक्टाइल’ तंतू असतात. १९३९ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ झोटरमन यांना असे तंतू मांजरात सापडले. माणसातही ते आहेत हे कळायला पुढे पन्नासेक वर्षं गेली. यांचा संदेश सेकंदाला जेमतेम एक मीटर सरकतो. हातावरून मेंदूपर्यंत पोचायला सेकंदभर! इशारा द्यायला हे तंतू कुचकामीच. पण त्वचेवरून सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगानं हात फिरला की ते सर्वांत जोमानं स्पंदतात. त्याहून हळू किंवा भरभर फिरला की मंदावतात. स्पर्श त्वचेइतकाच, सुमारे ३२ अंश सेल्सिअस उबदार असेल तर उत्तम. वेगाच्या या हिशेबानं कोपरापासून मनगटापर्यंत हात न्यायला सात-आठ सेकंद घ्यायचे.

एका स्त्रीचे जलद स्पर्शतंतू आजारात निकामी झाले होते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिच्या हातावरून मऊ ब्रश फिरवला, तेव्हा तिला पुसटसं पण सुखद काहीतरी जाणवलं. मेंदूत स्पर्शाचा नेहमीचा भाग गप्प होता. भावनांशी जोडलेला इन्सुला हा भाग जागा झाला होता.

यात ‘हातातून वाहणारी ऊर्जा’ वगैरे काही नाही. तसे वर्ग चालवणाऱ्यांनी फी परत करावी. ‘रोज बारा मिठ्या’ छाप नुस्खेही तसलेच.

हा वेग कुणी शिकवावाही लागत नाही. प्रयोगात आईवडिलांना बाळाला कुरवाळायला सांगितलं, तर त्यांचे हात आपोआप याच वेगानं फिरले. कृत्रिम हात पुढे ठेवला, तेव्हा मात्र ते भरभर चालले.