विमानतळावरच्या बॅटरी गाड्यांसाठी चार्जिंग: ऑर्डर देण्याआधी हे वाचा

सामानाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, सामान विमानात चढवणारा बेल्ट लोडर, विमान मागे ढकलणारा टग. यांतली एखादी गाडी डिझेलऐवजी बॅटरीवर घ्यायची ठरली की आम्हा चार्जर बसवणाऱ्यांना पहिला प्रश्न येतो तो चार्जरच्या किमतीचा. आम्ही उलट विचारतो, बॅटरीवरच्या, व्होल्ट वगैरे लिहिलेल्या प्लेटचा फोटो आहे का?

कारण साधं आहे. कारसाठीचा डीसी चार्जर सीसीएस-२ प्लगचा, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक इलेक्ट्रिक कारना बसणाऱ्या प्लगचा असतो आणि साधारण दोनशे व्होल्टच्या वर काम करतो. विमानतळावरच्या बऱ्याच गाड्यांची बॅटरी मात्र ४८ किंवा ८० व्होल्टची, आणि प्लगही फोर्कलिफ्टसारखा दोन जाड पिनांचा. हायवेवरचा महागडा चार्जर आणून उभा केलात तरी ती गाडी चार्ज होणार नाही. काही नव्या गाड्यांना सीसीएस-२ येतो, म्हणूनच आधी फोटो.

आता हिशेब. ८० व्होल्ट, ५०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ४० युनिट. ती रोज पूर्ण रिकामी होत नाही. वीस टक्क्यांवरून ऐंशीपर्यंत न्यायला २४ युनिट लागतात, म्हणजे १० किलोवॅटच्या चार्जरवर अडीच तासांच्या आसपास. दोन विमानांमध्ये मोठं अंतर असेल तर दिवसाही हे भागतं, रात्रीचीच वाट बघायला नको. पण अधूनमधून असं थोडं थोडं चार्जिंग लिथियम बॅटरीलाच चालतं. लेड-ॲसिडला पूर्ण चार्ज आणि मग थंड व्हायला वेळ द्यावा लागतो, नाहीतर तिचं आयुष्य कमी होतं. शिवाय चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, त्यामुळे बंद खोलीत ती लावायची नाही. गाडी स्वस्त मिळते म्हणून लेड-ॲसिड घेणाऱ्यांनी जागेचा खर्चही धरावा, एवढंच सांगतो.

तीन गाड्या एकाच वेळी लावल्या तर ३० किलोवॅट. पॅनेलमध्ये तेवढी जागा आहे का, महावितरणकडे मंजूर भार (एका वेळी किती वीज घेता येते ती मर्यादा) किती आहे, हे न बघता चार्जर घेतला की हा भार ओलांडल्याचा दंड बिलात येतो. पाळी लावून चार्ज केलं, किंवा असलेली वीज आपसात वाटून घेणारे चार्जर घेतले, तर बहुतेक वेळा भार वाढवावा लागत नाही. आम्हाला वायरिंगचं मोठं काम मिळालं नाही तरी चालेल, आधी हे करून बघा.

अर्थिंगबद्दल जरा जास्त बोलतो. पावसाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्याला मीटर लावला की रीडिंग छान, म्हणजे कमी येतं, कारण जमीन ओली असते. मुरमाड माळावर मे महिन्यात तोच खड्डा वेगळं सांगतो. म्हणून आम्ही कडक उन्हाळ्यातलं रीडिंग धरतो आणि गरज पडली तर जमिनीत गाडलेल्या इलेक्ट्रोडची संख्या वाढवतो. प्रत्येक चार्जरला वेगळा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच असतो, आणि तो डीसी गळतीही ओळखणारा लागतो. घरातला साधा चालत नाही. कोल्हापूरचा जुलै लक्षात घेऊन चार्जरचा चौथरा उंच बांधतो, केबल खालून ग्लँडमधून (केबलभोवतीची फट बंद करणारा घट्ट भाग) आत घेतो आणि पेटी किमान आयपी-६५, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न येऊ देणारी घेतो. पुढे बोलार्ड, म्हणजे जमिनीत रोवलेले लोखंडी खांब हवेतच. टग रिव्हर्स घेताना चार्जर ठोकला गेला की वॉरंटीत काही बसत नाही.

ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेत काम म्हणजे गावातल्या वायरिंगसारखं नाही. वायरचा तुकडा, स्क्रू, टाय, काहीही मागे राहिलं तर ते विमानाच्या इंजिनात ओढलं जाऊ शकतं. म्हणून आमची माणसं हत्यारं मोजून आत नेतात, मोजूनच बाहेर आणतात, आणि काम संपल्यावर जागा चालत तपासतात. इंधन भरण्याच्या जागेपासून चार्जर लांबच.

आत जायला प्रत्येक माणसाला प्रवेश पास लागतो, गाडीला वेगळा परवाना. विमानतळ प्राधिकरणाची कामाची परवानगी आणि विद्युत निरीक्षकाची बाजू आहेच. ही कागदं व्हायला वेळ लागतो, आणि तो आमच्या हातात नसतो. त्यामुळे ऑर्डर दिल्यापासून अमुक दिवसांत चार्जर सुरू, असं आम्ही कोटेशनवर लिहीत नाही. पास हातात आल्यापासूनचे दिवस लिहून देतो.