तेलाने पाडलेली छिद्रे आणि बर्फाने पाडलेली छिद्रे

खानापूर भागातल्या वीटभट्ट्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे ठाऊक असते की मातीत कालवलेला भुसा भट्टीत जळून जातो आणि त्याच्या जागी पोकळी उरते. सच्छिद्र हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारे, लांब रेणूंच्या साखळ्यांचे जाळे) तयार करण्याच्या दोन पद्धतींमागे हेच तत्त्व असल्याने बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून त्यांची गल्लत सहज होऊ शकते. भुशाची जागा एकीत तेलाचे थेंब घेतात, तर दुसरीत बर्फाचे स्फटिक.

इमल्शनच्या, म्हणजे पाण्यात तेलाचे थेंब विखुरण्याच्या, पद्धतीत ॲक्रिलामाइडसारखा मोनोमर (ज्यापासून साखळ्या बनतात तो लहान रेणू), साखळ्या एकमेकींना जोडणारा घटक आणि सर्फॅक्टंट (थेंब टिकवणारा साबणासारखा पदार्थ) पाण्यात विरघळवून, सतत ढवळत त्यात सायक्लोहेक्झेनसारखे तेल थोडे थोडे सोडतात. एकाच आकाराचे गोळे कितीही दाटीने रचले तरी सुमारे ७४ टक्क्यांहून अधिक जागा व्यापत नाहीत. तेलाचे प्रमाण त्यापलीकडे गेले की थेंब एकमेकांवर दाबले जातात आणि मधला पाण्याचा पडदा अतिशय पातळ होतो. जेल घट्ट होत असताना हा पडदा जागोजागी फाटतो, म्हणून तेल धुऊन काढल्यावर गोल पोकळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या लहान खिडक्या मिळतात. (अशा सच्छिद्र पदार्थांना दिले जाणारे ‘पॉलिहाइप’ हे नाव १९८२ च्या युनिलिव्हरच्या पेटंटपासूनचे, तेथे मात्र पाणी थेंबांत आणि स्टायरीन हा तेलकट मोनोमर बाहेर होता, म्हणजे हायड्रोजेलच्या नेमके उलट.)

क्रायोजेलमध्ये, म्हणजे बर्फाच्या पद्धतीत, तेल लागतच नाही. द्रावण शून्याखाली गोठवले की वाढणारे स्फटिक मोनोमरला उरलेल्या द्रवात ढकलतात, जेल तेथेच तयार होते आणि बर्फ वितळल्यावर लांबट, वेडीवाकडी छिद्रे उरतात. गोठवण्याचा वेग वाढवला की ती लहान होतात. तेल आणि सर्फॅक्टंट धुण्याची कटकट नसल्याने पेशी वाढवण्याच्या कामी ही पद्धत मला अधिक सोयीची वाटते. पोकळ्या गोलच हव्या असतील आणि ढवळण्याने व सर्फॅक्टंटच्या प्रमाणाने त्यांचा आकार राखायचा असेल, तर इमल्शनच बरे.

खरा घोटाळा पुढे होतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी ओले जेल गोठवून सुकवतात, आणि त्या गोठवण्यातच नवा बर्फ नवी छिद्रे पाडतो. त्यामुळे एरवी फक्त नॅनोमीटरच्या मापाची जाळी असलेले साधे हायड्रोजेलही चित्रात मधमाश्यांच्या पोळ्यासारखे दिसते, आणि ते पाहून पद्धत यशस्वी झाली असे मानले जाते. म्हणून जेलला चमकणारा रंग देऊन ते ओले असतानाच कॉन्फोकल (प्रकाशाने एकेका थराचे चित्र घेणाऱ्या) सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, आणि तेल किंवा बर्फ न वापरलेला त्याच द्रावणाचा नमुना शेजारी ठेवावा.