चुंबकीय वादळं आणि हृदयविकार : पार्श्वभूमी

१० मे २०२४ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास सुरू झालेलं भूचुंबकीय वादळ, म्हणजे सूर्याकडून आलेल्या कणांच्या झोतानं पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उडालेली खळबळ, दोन दशकांतलं सर्वांत मोठं. लडाखमध्ये हानलेचं आकाश ध्रुवीय प्रकाशानं लाल झालं. लोकसभेचं मतदान नुकतंच उरकलेल्या साताऱ्यात मात्र कुणाला काही दिसलं नाही. आता सौर वादळाची बातमी आली की ‘हृदयरुग्णांनी जपावं’ हा मजकूर मोबाइलवर फिरतोच.

शंका जुनी आहे. १८५९ चं महावादळ कुलाब्याच्या वेधशाळेनं टिपलं, पण त्या दिवशी कुणाच्या छातीत कळ आली हे कोण लिहून ठेवणार? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्स आणि सोव्हिएत रशियातल्या काहींनी आजारपणं सौरडागांशी जोडून पाहिली. पुढे रुग्णालयांच्या नोंदी आल्या आणि खरा वाद सुरू झाला : चुंबकीयदृष्ट्या ‘अशांत दिवस’ ठरवायचा कसा?

बहुतेक अभ्यास केपी निर्देशांक वापरतात; पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती ढवळलं आहे, हे तो सांगतो. तो शून्य ते नऊ असा, दर तीन तासांचा. पाच किंवा वर गेला की वादळ. तो ज्या तेरा वेधशाळांवरून काढतात, त्यांतली एकही भारतात नाही. जवळपास सगळ्या आपल्यापेक्षा ध्रुवांच्या बऱ्याच जवळच्या. शिवाय त्याचा दिवस ग्रीनिचच्या वेळेनुसार, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. पहाटे चारला पाटणच्या माणसाला झटका आला, तर निर्देशांकाच्या हिशेबात ती आदल्या दिवसाची घटना. त्यातून तो दुपारी साताऱ्यात दाखल झाला आणि नोंद दाखल झाल्याच्या वेळेची झाली, तर सगळाच घोळ. काही अभ्यास वादळानंतरचे एक-दोन दिवसही धरतात. इतक्या खिडक्या उघड्या ठेवल्या की कुठून तरी वारा येणारच.

२०२५ मध्ये गाजलेल्या ब्राझीलमधल्या अभ्यासातही मोजपट्टी केपीचीच होती. १९९८ ते २००५ मधल्या, एकाच शहरातल्या नोंदी. अशांत दिवसांत स्त्रियांमध्ये हृदयविकाराच्या झटक्यांचं प्रमाण जास्त दिसलं. स्त्रियांची संख्या पुरुषांच्या जवळपास निम्मी होती, हे मथळ्यांत आलं नाही.

कारण म्हणून स्वायत्त मज्जासंस्था (ठोके, रक्तदाब आपोआप सांभाळणारी), मेलाटोनिन (झोपेशी निगडित संप्रेरक), हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतराचे चढउतार यांची नावं घेतली जातात. आपल्याकडचं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ४०,००० नॅनोटेस्ला (हे ते मोजायचं एकक). मोठ्या वादळात ते काहीशेंनी हलतं. एमआरआयच्या यंत्रात दीड अब्ज नॅनोटेस्लांत रुग्ण अर्धा तास पडून असतो. वादळातले बदल संथ आणि तासन्‌तास चालणारे असतात, म्हणून ही तुलना गैरलागू, असं समर्थक म्हणतात. त्यात थोडं तथ्य आहे. पण एवढा क्षीण बदल शरीराला कळतो कसा, हे अजून कुणी दाखवलेलं नाही. रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखूच्या बाबतीत असा प्रश्न उरलेला नाही.