५७७ भागिले ४०८

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर अधूनमधून फिरत येतो: बौधायनाने दोनाचे वर्गमूळ पाच दशांश स्थळांपर्यंत अचूक काढले होते, म्हणजे जगाला सगळे गणित आपणच शिकवले. यातला पूर्वार्ध खरा आहे. यज्ञवेदी दोरीने कशा आखायच्या हे सांगणाऱ्या त्याच्या शुल्बसूत्रात चौरसाच्या कर्णाचा नियम आहे. बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्याचा चौथा भाग मिळवा आणि या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करा. बाजू १ धरली तर उत्तर येते ५७७/४०८, म्हणजे १.४१४२१५६... खरी किंमत १.४१४२१३५...

तिसरा आणि चौथा समजू शकतो, पण हा ३४ मध्येच कुठून टपकला? सूत्र कारण सांगत नाही. विसाव्या शतकात गणिताचे इतिहासकार विभूतिभूषण दत्तांनी सुचवलेली उकल मला फार आवडते. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

१ बाजूचे दोन चौरस घ्या. त्यांचा मिळून एकच चौरस करायचा आहे. दुसऱ्याच्या तीन उभ्या पट्ट्या कापा. दोन पट्ट्या पहिल्या चौरसाच्या लगतच्या दोन बाजूंना जोडल्या की कोपऱ्यात १/३ बाजूची खाच उरते. तिसऱ्या पट्टीचे तीन चौकोनी तुकडे करून एक त्या खाचेत बसवा. झाला ४/३ बाजूचा चौरस. उरलेल्या दोन तुकड्यांच्या प्रत्येकी चार, अशा १/१२ रुंदीच्या आठ चिंचोळ्या पट्ट्या करा आणि चार-चार करून पुन्हा दोन बाजूंना लावा. बाजू झाली १७/१२, पण कोपऱ्यात १/१४४ क्षेत्रफळाची जागा रिकामी राहिली आणि भरायला तुकडा संपला. ती भरलेली धरली तर चौरस तेवढाच जास्तीचा होतो. मग दोन बाजूंनी थोडे तासायचे. तासायची रुंदी क्ष धरली तर २ × १७/१२ × क्ष = १/१४४, म्हणून क्ष = १/(१२×३४). सापडला ३४! तासताना कोपरा दोनदा मोजला गेला, म्हणून किंचित चूक उरतेच.

सगळे गणित आपणच शिकवले, या उत्तरार्धाचे काय? येल विद्यापीठात एक मातीची विटकुळी आहे, तळहातावर मावेल एवढी, बॅबिलोनियन काळातली, शुल्बसूत्रांहून अदमासे हजार वर्षे जुनी. तिच्यावर चौरस, त्याचे कर्ण आणि कर्णावर साठाच्या पद्धतीत १; २४, ५१, १०, म्हणजे १ + २४/६० + ५१/६०² + १०/६०³. दशांशात १.४१४२१२९..., म्हणजे बौधायनाहून अधिक अचूक. गंमत अशी की ५७७/४०८ साठाच्या पद्धतीत लिहून पुढचे तोडले तर नेमके हेच अंक येतात. एवढ्यावरून कोणी कोणाची नक्कल केली हे ठरत नाही. ३/२ आणि २ ÷ ३/२ यांची सरासरी १७/१२, त्याच रीतीने आणखी एकदा सरासरी काढली की ५७७/४०८. या वाटेने जाणारा कोणीही तिथेच पोचतो. अलेक्झांड्रियाच्या हेरॉन या ग्रीक गणितज्ञाने ७२० चे वर्गमूळ याच युक्तीने काढून दाखवले आहे.

ब्रह्मगुप्त इ.स. ६२८ मध्ये तिथेच वेगळ्या दाराने पोचतो. त्याचा प्रश्न पूर्णांकांचा: कोणत्या संख्येचा वर्ग दुसऱ्या एखाद्या वर्गाच्या दुपटीहून १ ने जास्त? ३ आणि २ ही जोडी चालते, ९ = ८ + १. त्याची ‘भावना’ ही रीत एका जोडीतून पुढची घडवते: ३² + २×२² = १७, २×३×२ = १२. पुन्हा तेच केले की ५७७ आणि ४०८. आणखी एकदा केले की ६६५८५७ आणि ४७०८३२. यांचा भागाकार अकरा दशांश स्थळांपर्यंत बरोबर. अंक फुगतात, फरक मात्र दरवेळी १ च. तो शून्य का होत नाही, म्हणजे नेमका अपूर्णांक मिळतच का नाही, हे सम-विषमच्या युक्तिवादाने सिद्ध केले ग्रीकांनी. वेदी आखणाऱ्याला या प्रश्नाची गरजच नव्हती.

दुपटीऐवजी ६१ पट घेतली की हेच कोडे भयंकर होते. सर्वांत लहान उत्तर १७६६३१९०४९ आणि २२६१५३९८०. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ते चक्रवाल पद्धतीने दिले आणि १६५७ मध्ये फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने हेच ६१ चे कोडे युरोपातल्या गणित्यांपुढे टाकले. पुढे गणितज्ञ ऑयलरने या कोड्याच्या समीकरणाला जॉन पेल या इंग्रज गणितज्ञाचे नाव दिले. पेलचा त्याच्या उकलीशी फारसा संबंध नव्हता, पण पुस्तकांत आजही ते पेलचेच समीकरण आहे.