काळी दारू आणि बिनधुराची दारू: घेताना, विकताना, ठेवताना

कोकणात आणि घाटमाथ्यावर शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असलेल्या घरात बहुधा दोनपैकी एक हत्यार असते: ठासणीची बंदूक (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) किंवा काडतुसाची. दोन्हींत भरतात ती ‘बंदुकीची दारू’. बोलण्यातले हे एकच नाव डब्यावरही उतरते आणि धोका तिथून सुरू होतो. ठासणीच्या बंदुकीत जाते ती काळी दारू. आजच्या काडतुसात असते ती बिनधुराची दारू. दुकानदार तिला स्मोकलेस किंवा नायट्रो म्हणतात. दोन्ही बारीक दाणेदार, दोन्ही पेटणाऱ्या आणि दोन्हींना परवाना लागतो. पण एकीला जपण्याची रीत दुसरीला लावली तर ती घातक ठरू शकते.

काळी दारू हे मिश्रण आहे: सोरा (पोटॅशियम नायट्रेट), गंधक आणि कोळसा. तिच्यात कोळसा जळतो तो सोऱ्यातल्या प्राणवायूवर. जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपात उरतो. नळीतली काजळी आणि बार उडाल्यावरचा पांढरा धूर या राखेतूनच येतात. बिनधुराची दारू मिश्रण नाही. कापसासारख्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून मिळणारे नायट्रोसेल्युलोज हा तिचा गाभा. काही प्रकारांत त्यात नायट्रोग्लिसरीनही असते. फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी १८८४ मध्ये ती वापरण्याजोगी केली. ती जळून जवळजवळ सगळी वायू होते, त्यामुळे त्याच वजनात दाब कितीतरी जास्त देते.

या फरकाचा पहिला परिणाम थेट नळीवर होतो. ठासणीच्या बंदुकीत काळी दारू मापाने भरतात, म्हणजे भांड्याच्या आकारमानाने. बिनधुराची दारू वजनावर, ग्रॅमच्या अंशापर्यंत मोजावी लागते. काळ्या दारूचे माप घेऊन त्यात बिनधुराची भरली तर नळी फाटते, आणि फाटते ती बहुतेक वेळा मागच्या टोकाला, म्हणजे हाताजवळ आणि चेहऱ्याजवळ. ‘थोडी कमी घातली तर चालेल’ हा हिशेब इथे लागू होत नाही. ठासणीच्या बंदुकीत बिनधुराची दारू कितीही कमी असली तरी घालायची नाही. फटाके फोडून काढलेली दारू तर त्याहून वाईट. आवाजाच्या फटाक्यात अ‍ॅल्युमिनियमची भुकटी असते, ती क्षणात पेटते आणि तो दाब सोसायला नळी केलेली नसते.

दिसण्यावरून ओळखता येईल का? नाही. काळी दारू कोनदार, चकचकीत काळी असते. बिनधुराची कधी चपट्या चकत्या, कधी बारीक नळकांडी, कधी गोल मणी अशी असते, पण तिलाही काळ्या शिशाचा, म्हणजे ग्राफाइटचा, लेप असल्याने काही प्रकार काळ्या दारूसारखेच दिसतात. चिमूटभर पेटवून पाहण्याचा उपाय गावात सांगितला जातो, तो करू नये. मूळ डबा, त्यावरचे कारखान्याचे नाव, प्रकार आणि बॅच क्रमांक हीच खरी ओळख. डब्यातून काढून दारू शीतपेयाच्या बाटलीत किंवा औषधाच्या डबीत गेली की तिची ओळख संपली. अशी दारू वापरायची नाही, विकायची नाही आणि कुणाकडून घ्यायची नाही. दोन अर्धे डबे एकत्र करण्याचा मोहही टाळावा, मग दोन्हींवर नाव एकच का असेना.

आता साठवणीकडे. काळ्या दारूचे भय बाहेरून येते: ठिणगी आणि ओल. लोखंडावर लोखंड घासले, नाळ मारलेली वहाण दगडावर घासली, एवढेही तिला पुरते. म्हणून मोजायला, ओतायला पितळ, तांबे, लाकूड किंवा कातडे वापरतात. लोखंडी चमचा किंवा पत्र्याचे नरसाळे नाही. तिची भुकटी दाण्यांहून लवकर पेटते, म्हणून डब्याच्या तळाशी जमलेला चुरा आणि फटीत अडकलेला कण हलक्यात घेऊ नये. मोकळ्या जागेतही ती एकदम भडकते. तिला बंद डब्याची गरज लागत नाही.

बिनधुराच्या दारूला ठिणगीने पेटवणे तुलनेने कठीण असते आणि उघड्यावर ती सळसळत, सावकाश जळते. इथेच माणूस फसतो. तिचा जळण्याचा वेग दाबाबरोबर झपाट्याने वाढतो. उघड्यावर गरीब वाटणारी तीच दारू भक्कम बंद पोलादी पेटीत पेटली तर पेटीचा बाँब होतो. चोरीच्या भीतीने तिजोरीत किंवा जाड पत्र्याच्या कुलूपबंद ट्रंकेत ती ठेवणारे असतात. हेतू चांगला, पण जागा चुकीची. तिच्यासाठी पेटी अशी हवी की उष्णता लवकर आत जाणार नाही आणि आत पेटलेच तर एखादा सांधा सुटून दाब बाहेर पडेल. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा मानकात घरी २० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ९ किलो, बिनधुराची दारू मूळ डब्यांतच ठेवायला सांगितले आहे. त्यापुढे ५० पौंडांपर्यंत किमान एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत. लाकूड का? ते उष्णता हळू आत नेते, ठिणगी देत नाही आणि दाबाला धरून ठेवत नाही. ही परिमाणे आपल्याकडे लागू नाहीत, पेटीमागचा विचार मात्र सगळीकडे खरा आहे.

दुसरा फरक काळाचा. कोरडी राहिली तर काळी दारू पिढ्यान्‌पिढ्या टिकते. ओल लागली की कोळसा पाणी धरतो, दाणे एकमेकांना चिकटतात, सोरा विरघळून पृष्ठभागावर पांढऱ्या खपल्यांसारखा येतो. मग बार कधी उशिरा उडतो, कधी फुसका जातो, आणि नळीत अडकलेल्या बारावर दुसरा बार ठासला जाण्याचा धोका उभा राहतो. वाळवून ती पूर्ववत होत नाही, कारण सोरा आपल्या जागेवरून हललेला असतो. पण वाळली की पेटते नक्की. म्हणून ‘भिजली, आता निकामी’ असे म्हणून ती परसात फेकणेही चूक.

बिनधुराची दारू कोरड्यातसुद्धा म्हातारी होते. नायट्रोसेल्युलोज आपणहून सावकाश विघटित होत असते. त्यातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड पुढच्या विघटनाला आणखी वेग देतात. ते शोषून घेण्यासाठी कारखान्यात डायफेनिलअमाइनसारखा स्थिरक घालतात. स्थिरक संपला की विघटन उष्णता साठवत जाते आणि दारू बाहेरच्या ठिणगीवाचून पेटू शकते. उष्णता हे सगळे लवकर घडवते. फ्रेंच नौदलाच्या ‘इएना’ (१९०७) आणि ‘लिबेर्ते’ (१९११) या दोन युद्धनौका तूलोंच्या बंदरात उडाल्या त्या अशाच बिघडलेल्या दारूमुळे.

बिघाड ओळखता येतो. ताज्या दारूला ईथर-स्पिरिटसारखा वास असतो. बिघडलेलीला आंबट, नाकाला झोंबणारा, आम्लासारखा वास येतो. दाण्यांवर तांबूस-तपकिरी धूळ, झाकण उघडताच तशीच तांबूस वाफ, पत्र्याच्या डब्याला आतून गंज ही लक्षणे दिसली की ती दारू संपली. डबा हाताला कोमट लागत असेल तर त्याला हात न लावता घर रिकामे करावे आणि पोलीस ठाण्याला कळवावे.

आपल्याकडे या विषयाची जाण जुनी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरच्या दारूखान्याचे नियम आहेत. तो घराजवळ किंवा घराच्या वाऱ्याखाली नसावा, सदरेपासून अंतरावर असावा, भोवती झाडांचे दाट कुसू (कुंपण) असावे, दारू तळघरात माच (मचाण) घालून वर ठेवावी, सरदी (ओल) पोहोचू देऊ नये, रात्रंदिवस पहारा असावा आणि परवानगीवाचून माणूस जवळ येऊ नये. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने दारू बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर (सील) करून ठेवावी, असेही त्यात आहे. यातले अंतर, माच, पहारा आणि मोहोर आजही जसेच्या तसे लागू पडतात. ऊन देण्याचा नियम मात्र मडक्यातल्या काळ्या दारूसाठी होता. आजच्या बंद डब्यातल्या काळ्या दारूला त्याची गरज नाही आणि बिनधुराच्या दारूला ऊन म्हणजे आयुष्य कमी करणे. पावसाळ्यात कोरडी राहावी म्हणून डबा चुलीवरच्या माळ्यावर ठेवण्याची सवय या जुन्या जाणिवेतूनच आली असणार. चुलीची ठिणगी काळ्या दारूला घातक, चुलीची ऊब बिनधुराच्या दारूला. ही सवय दोन्हींच्या बाबतीत सोडायला हवी.

विजेचेही तसेच. सिंहगडावरच्या दारूकोठारावर ११ सप्टेंबर १७५१ रोजी वीज पडली आणि फडणिसांचे घर त्यातल्या माणसांसह गेले. आजच्या परवान्याच्या कोठारांना वीजरोधक बसवावा लागतो, त्याची वेळोवेळी तपासणी होते आणि गडगडाट सुरू झाला की कोठार उघडायचे नसते, आजूबाजूला थांबायचेही नसते.

कायद्यात दोन्ही दारू स्फोटकेच, पण खाने वेगळे. १८८४ च्या स्फोटके अधिनियमाखालच्या २००८ च्या नियमांत काळी दारू वर्ग १ मध्ये येते, नायट्रो संयुगे वर्ग ३ मध्ये. ठासणीच्या बंदुकीतली दारू पेटवणाऱ्या टोप्या (काही भागांत केप म्हणतात) दारूगोळ्याच्या वर्ग ६ मध्ये, शोभेची दारू वर्ग ७ मध्ये. एका वर्गाचा परवाना दुसऱ्याला चालत नाही. फटाक्यांच्या परवान्यावर बंदुकीची दारू विकता येत नाही. ही व्यवस्था पाहणारी पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, हिचे मुख्यालय नागपुरातच आहे. इंटरनेटवरच्या अमेरिकन चित्रफिती पाहून नियम ठरवू नयेत. तिथे जुन्या धाटणीच्या बंदुकांसाठी ५० पौंडांपर्यंत काळी दारू ग्राहकाला केंद्रीय परवान्याशिवाय घेता येते आणि लहान शस्त्रांची बिनधुराची दारू स्फोटकांच्या केंद्रीय परवान्यातून बरीचशी सुटलेली आहे. आपल्याकडे तसे गृहीत धरणारा थेट गुन्ह्यात अडकतो.

खरेदीला जाताना शस्त्रपरवाना मूळ प्रतीत न्यावा. त्यावर कोणता दारूगोळा, एका वेळी जवळ किती आणि वर्षात किती, हे लिहिलेले असते. तेवढेच मागावे. दुकानदाराने परवान्यावर आणि नोंदवहीत खरेदी लिहिली की नाही, ते तिथेच पाहावे. मोहोर तुटलेला, ठोकर लागलेला किंवा नावाचा कागद निघालेला डबा परत करावा. सुटी दारू पुडीत बांधून मिळत असेल तर भाव कितीही कमी असला तरी घेऊ नये. घरी नेताना एसटी आणि रेल्वे बंद. प्रवासी वाहनात स्फोटक नेता येत नाही. टोप्या आणि दारू एका पिशवीत नको. टोपी आपटली तरी उडते, आणि ती दारू पेटवण्यासाठीच केलेली असते.

विकणाऱ्याची जबाबदारी जास्त. १८ वर्षांखालच्या व्यक्तीला स्फोटक द्यायचे नाही, परवान्याच्या जागेबाहेर, रस्त्यावर किंवा आठवडी बाजारात विकायचे नाही. ग्राहकासमोर डबा उघडून दाखवायचा नाही. दोन्ही दारू एका फळीवर शेजारी मांडू नयेत. घाईत हात चुकतो आणि ती चूक दुकानात कळत नाही, रानात कळते. ‘बंदुकीसाठी दारू द्या’ असे कुणी म्हटले तर पहिला प्रश्न असावा: ठासणीची की काडतुसाची? माल आला त्या तारखेच्या क्रमाने पुढे काढावा, विशेषतः बिनधुराची.

घरात दोन्ही असतील तर दोन पेट्या, दोन जागा, आणि टोप्यांसाठी तिसरी. सावलीची, कोरडी, गॅस सिलिंडर, इन्व्हर्टर, देवघरातला दिवा आणि जिना यांपासून दूर अशी खोली निवडावी. जिन्याखाली नकोच, आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. पेटीला कुलूप हवे आणि किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी. भरताना टेबलावर एका वेळी एकच डबा, काम झाले की तो लगेच जागेवर. आग पेटीपर्यंत पोहोचत असेल तर गोणपाट किंवा वाळू टाकून दारू विझत नाही, कारण दोन्हींच्या पोटात स्वतःचा प्राणवायू असतो. माणसे बाहेर काढावीत आणि अग्निशमन दलाला आत दारू आहे हे सर्वात आधी सांगावे.

जुनी, ओळख नसलेली किंवा वारसाने आलेली दारू सापडली तर ती नाल्यात, विहिरीत किंवा शेकोटीत टाकू नये. हलवाहलव न करता पोलीस ठाण्यात लेखी कळवावे. तिचा नाश सक्षम अधिकाऱ्याच्या सूचनेनुसारच होतो.