मध्यमवय आणि स्मृतिभ्रंशाचा प्रतिबंध

स्मृतिभ्रंश अर्थात डिमेन्शिया बहुधा म्हातारपणी दिसतो, पण त्याची पाळेमुळे चाळिशी-पन्नाशीत असतात. अल्झायमर या त्याच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात अमायलॉइड प्रथिन मेंदूत साचू लागल्यापासून विसरभोळेपणा लक्षात येईपर्यंत १५ ते २० वर्षे जातात. तोवर माणूस कामधंदा, घरसंसार नीट सांभाळत असतो. जपायचे ते याच वर्षांत.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे १४ धोके मांडले. ते सारे दूर झाले तर जगातले सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार उशिरा सुरू होईल, असा त्याचा अंदाज आहे. हा आकडा साऱ्या समाजाचा. एकट्यादुकट्याला त्यातून हमी मिळत नाही. वय आणि आनुवंशिकता कुणाच्या हातात नसतात. म्हणून ज्याला हा आजार झाला त्याला ‘तू काळजी घेतली नाहीस’ असे म्हणणे अन्यायाचे आहे.

सर्वांत आधी पाहावा तो रक्तदाब. तो वर्षानुवर्षे चढा राहिला की मेंदूत खोलवर शिरणाऱ्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते आणि भोवतीच्या भागाला रक्त कमी पडते. दुखत काहीच नाही; मोजल्याशिवाय कळत नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांवरील ‘स्प्रिंट माइंड’ चाचणीत (२०१९) वरचा आकडा १२०च्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात सौम्य बौद्धिक ऱ्हास कमी आढळला. स्मृतिभ्रंशातली घट मात्र निर्णायक ठरली नाही.

कमी ऐकू येण्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. आधी ‘स’, ‘श’ असे वर्ण निसटतात. आवाज येतो, शब्द लागत नाही. चारचौघांत माणूस अंदाजाने मान डोलावतो, मग हळूहळू गप्पांतून अंग काढून घेतो. २०२३च्या ‘अचीव्ह’ चाचणीत श्रवणयंत्रांचा सरसकट फायदा दिसला नाही, पण ज्यांना मुळातच धोका जास्त होता अशा वृद्धांत तीन वर्षांतली बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली.

वाढलेले एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल, मधुमेह, स्थूलता, तंबाखूचे धूम्रपान, अतिमद्यपान, बैठे जीवन, नैराश्य आणि डोक्याला मार हेही आयोगाच्या यादीत आहेत. दुचाकीवरचे हेल्मेट हा म्हणूनच मेंदूच्या म्हातारपणाचाही प्रश्न आहे. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांवर मात्र भिस्त ठेवू नये: केवळ हा धोका कमी व्हावा म्हणून ब किंवा ई जीवनसत्त्व घेण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करत नाही.