अकरा पॉइंट एकट्याचे: पीटर कॅनव्हन आणि टिरोन

१७ सप्टेंबर १९९५. डब्लिनच्या क्रोक पार्कवर ऑल-आयर्लंड फायनल संपली तेव्हा फलकावर डब्लिन १-१० आणि टिरोन ०-१२ असे आकडे होते. गेलिक फुटबॉलमध्ये आधीचा आकडा गोलांचा, नंतरचा पॉइंटांचा. गोलाचे गुण तीन, म्हणजे डब्लिन १३ आणि टिरोन १२. टिरोन एका गुणाने हरलं. त्यांच्या बारापैकी अकरा पॉइंट एकाच माणसाने केले होते. पीटर कॅनव्हन, वय २४, उंची साडेपाच फुटांच्या थोडी वर, पेशाने शाळेतला पीटीचा शिक्षक.

कॅनव्हनचं नाव निघालं की हाच सामना आधी आठवतो, आणि त्याच्या चाहत्यांना ते फारसं आवडत नाही. पुढे त्याने दोनदा ऑल-आयर्लंड ट्रॉफी जिंकली. मला मात्र त्याच्या कारकिर्दीचं मर्म १९९५ आणि त्या दोन विजयांमधल्या फरकात दिसतं. एकट्याने अकरा पॉइंट केले तेव्हा संघ हरला, आणि संघ जिंकला त्या दोन्ही फायनलमध्ये तो सामन्याचा बराच वेळ बाकावर बसून होता.

आधी खेळाबद्दल थोडं. गेलिक फुटबॉल चालवणारी जीएए (गेलिक अॅथलेटिक असोसिएशन) ही संस्था १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावातल्या हेज हॉटेलात स्थापन झाली. मायकल क्युसॅक आणि मॉरिस डॅव्हिन हे पुढाकार घेणारे. इंग्रजी खेळांच्या रेट्यात देशी खेळ जगवायचे, हा उद्देश. संघात १५ जण. चेंडू हातात धरता येतो, पण चार पावलांच्या आत त्याचा टप्पा घ्यावा लागतो किंवा पायाच्या चवड्यावर सोडून पुन्हा हातात उडवून घ्यावा लागतो. लागोपाठ दोन टप्पे चालत नाहीत. खांब रग्बीसारखे उंच असतात. आडव्या दांडीवरून चेंडू गेला तर पॉइंट, दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल. आणि जमिनीवर पडलेला चेंडू थेट हाताने उचलायचा नाही, आधी पायाने वर घ्यायचा. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा.

या खेळात पगार नाही, लिलाव नाही. तुम्ही ज्या पॅरिशचे, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या ज्या वस्तीचे, त्या क्लबचे आणि त्या काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे. ऑल-आयर्लंड ही या काउंटी संघांची देशभरची स्पर्धा. त्यामुळे क्लबात बिनसलं की प्रकरण थेट भाऊबंदकीवर जातं. कॅनव्हनची सुरुवात अशाच एका भांडणात झाली.

टिरोन ही ब्रिटनच्या अखत्यारीतल्या उत्तर आयर्लंडमधली काउंटी. तिच्या दक्षिणेला बॅलीगॉली गाव आणि त्याच पॅरिशमध्ये ग्लेनकल नावाची वस्ती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बॅलीगॉलीच्या क्लबात वाद झाला आणि ग्लेनकलची मंडळी बाहेर पडली. त्यांनी आपला वेगळा संघ काढला, पण काउंटी बोर्डाने त्याला मान्यता दिली नाही. मान्यता नाही म्हणजे स्पर्धा नाही. वर्षानुवर्षं ही पोरं सराव करत राहिली, आपापसात आणि मिळतील त्या संघांशी खेळत राहिली. अकरा भावंडांच्या घरातला पीटर त्यांच्यातलाच एक. ज्याला पुढे आयर्लंडभर 'पीटर द ग्रेट' म्हणू लागले, तो कुमार वयात आपल्या गावच्या क्लबकडून एकही अधिकृत सामना खेळला नाही.

मग काउंटीच्या कुमार संघात त्याला घेणार कसं? नियम असा की खेळाडू कुठल्या तरी जीएए क्लबचा सदस्य हवा. तोड निघाली ती खास गावाकडची. ओमा शहराजवळच्या किलिक्लॉहर क्लबात त्याचं नाव हर्लिंगपटू म्हणून लावलं. हर्लिंग हा काठी आणि चेंडूचा पूर्ण वेगळा खेळ, पण सदस्यत्व ते सदस्यत्व. एका खेळाच्या कागदावर तो दुसऱ्या खेळात काउंटीकडून उतरला. १९९० मध्ये दोन्ही बाजूंचं मिटलं आणि एरिगल कियरान हा एकत्र क्लब उभा राहिला. तीन वर्षांत या क्लबने अल्स्टरचं, म्हणजे टिरोन ज्यात येतं त्या उत्तरेकडच्या प्रांताचं, क्लब विजेतेपद मिळवलं. टिरोनच्या एकाही क्लबला तोवर ते जमलं नव्हतं. ग्लेनकलच्या त्या बंडखोर मंडळींत मिकी हार्ट नावाचा एक शिक्षकही होता. त्याच्याकडे नंतर येतो.

भोवतालचा काळही साधा नव्हता. बॅलीगॉलीहून डब्लिनला जाणारा रस्ता ऑखनाक्लॉयला आयर्लंड प्रजासत्ताकाची सीमा ओलांडतो आणि तिथे ब्रिटिश लष्कराचं ठाणं होतं. फेब्रुवारी १९८८ मध्ये एडन मॅकअनेस्पी हा तरुण त्या ठाण्याजवळून गावच्या जीएए मैदानाकडे चालला असताना सैनिकाच्या गोळीने मेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बॅलीगॉलीजवळ ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेने लष्कराची बस उडवली, त्यात आठ सैनिक ठार झाले. या दोन घटनांच्या मधल्या उन्हाळ्यात कॅनव्हन सतरा वर्षांचा होता. फायनल खेळायला टिरोनचा संघ डब्लिनला जायचा म्हणजे एका राज्यव्यवस्थेतून दुसऱ्या राज्यव्यवस्थेत जायचा. काउंटीच्या लाल हाताच्या बोधचिन्हाला आणि पांढऱ्या-लाल जर्सीला टिरोनमध्ये जे मोल आहे, ते निव्वळ खेळापुरतं कधीच नव्हतं.

खेळात मात्र टिरोनच्या खात्यावर तोवर फारसं काही नव्हतं. १९५६ आणि १९५७ मध्ये अल्स्टर प्रांताची विजेतेपदं आली. १९८४ च्या अल्स्टर फायनलमध्ये फ्रँक मॅकगिगनने आर्माविरुद्ध खेळत्या चेंडूवर अकरा पॉइंट मारले. फ्री किक एकही नाही, सगळे वाहत्या खेळातून. जुनी माणसं अजून त्याच्याबद्दल बोलतात. त्याच वर्षी मोटार अपघातात त्याची कारकीर्द संपली. १९८६ मध्ये टिरोन पहिल्यांदा ऑल-आयर्लंड फायनलला पोचलं, उत्तरार्धात चांगली आघाडी घेतली, आणि केरीने ती पुसून २-१५ विरुद्ध १-१० असं हरवलं.

त्यानंतरच्या पिढीचा चेहरा कॅनव्हन झाला. १९९१ आणि १९९२ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली टिरोनने २१ वर्षांखालच्यांचं ऑल-आयर्लंड जिंकलं. शेजारीपाजारी तर वरिष्ठ गटातही बहर होता. डाउन १९९१, डॉनिगॉल १९९२, डेरी १९९३, पुन्हा डाउन १९९४: सलग चार वर्षं सॅम मॅग्वायर, म्हणजे ऑल-आयर्लंड विजेत्याची ट्रॉफी, अल्स्टरमध्ये आली आणि टिरोनच्या दारावरून पुढे गेली. त्यामुळे १९९५ मध्ये सेमीफायनलला गॉलवेला हरवून टिरोन फायनलला पोचलं तेव्हा आता आपली पाळी, असंच सगळ्यांना वाटत होतं.

त्या फायनलचा शेवट बघण्यासारखा आहे. डब्लिनच्या चार्ली रेडमंडला पंच पॅडी रसेल यांनी बाहेर काढलं, पण हा पठ्ठ्या मैदानातच खेळत राहिला आणि दुसऱ्यांदा सांगावं लागलं तेव्हा गेला. टिरोन एका गुणाने मागे. अखेरच्या क्षणी कॅनव्हन तोल जात असताना चेंडू शॉन मॅक्लॉक्लिनकडे ढकलतो, मॅक्लॉक्लिन तो दांडीवरून मारतो. बरोबरी! पण पंचांची शिट्टी आधीच वाजलेली. कॅनव्हनचा हात लागला तेव्हा चेंडू जमिनीवर होता, हा त्यांचा निर्णय. आधी सांगितलेला नियम तो हाच. चित्रफीत कितीही वेळा बघितली तरी टिरोनच्या माणसाला चेंडू हवेत दिसतो आणि डब्लिनच्या माणसाला जमिनीवर.

त्या वर्षीचा सर्वोत्तम फुटबॉलपटू कॅनव्हनच ठरला. १९९४, १९९५, १९९६ असे सलग तीन ऑल-स्टार पुरस्कार, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम संघात जागा, मिळाले. पण प्रतिस्पर्ध्यांनाही उत्तर सापडलं होतं: कॅनव्हनला बांधा, टिरोन बांधलं जातं. १९९६ च्या सेमीफायनलमध्ये मीथविरुद्धच्या धसमुसळ्या सामन्यात त्याचा घोटा दुखावला आणि टिरोन दणकून हरलं. पुढची पाच-सहा वर्षं त्याच्या हाती फारसं काही लागलं नाही. ती इथे लांबवण्यात अर्थ नाही.

या काळात खरी घडामोड खालच्या वयोगटात चालली होती. मिकी हार्टने १९९८ मध्ये टिरोनच्या कुमार संघाला आणि २००० व २००१ मध्ये २१ वर्षांखालच्या संघाला ऑल-आयर्लंड जिंकून दिलं. कॉर्मॅक मॅकनॅलन, स्टीफन ओ'नील, फ्रँक मॅकगिगनचा मुलगा ब्रायन, आणि ओवेन मलिगन ही त्याची पोरं. मलिगन तर कुक्सटाउनच्या होली ट्रिनिटी शाळेत कॅनव्हनचा विद्यार्थी. २००२ च्या अखेरीस हार्ट वरिष्ठ संघाचा मॅनेजर झाला आणि कर्णधारपदी कॅनव्हनच राहिला.

२००३ च्या सेमीफायनलमध्ये केरीसमोर कॅनव्हनचा घोटा पुन्हा गेला. सामन्याच्या सुरुवातीलाच त्याला बाहेर नेलं. एरवी टिरोनचा खेळ तिथेच आटोपला असता. या वेळी पोरांनी केरीला श्वास घेऊ दिला नाही. चेंडू ज्याच्याकडे त्याच्यावर तिघे-चौघे तुटून पडायचे. निकाल ०-१३ विरुद्ध ०-६. केरीचा जुना महारथी पॅट स्पिलेन टीव्हीवर वैतागून याला 'ओकारी आणणारा फुटबॉल' म्हणाला. ही शिवी टिरोनला कायमची चिकटली. मला ती पराभवाच्या तिरमिरीतली वाटते. केरीला सहा पॉइंटांवर रोखायचं तर सगळ्या पंधरा जणांना धावावं लागतं, आणि एका कॅनव्हनवर भिस्त ठेवणाऱ्या संघाला ते कधी जमलंच नसतं.

२८ सप्टेंबरच्या फायनलला समोर गतविजेतं आर्मा होतं. दोन्ही संघ अल्स्टरचे, असं फायनलला पहिल्यांदाच घडत होतं. कॅनव्हनचा घोटा बरा नव्हता. हार्टने त्याला सुरुवातीला खेळवलं, फ्री किक घेऊन घेतल्या, मग बाहेर बसवलं आणि शेवटच्या टप्प्यात पुन्हा मैदानात पाठवलं. जखमी कर्णधाराचे पाय पुरवून वापरायचे, आणि सामना संपताना तो मैदानात असला पाहिजे, असा तो हिशोब होता. अखेरच्या मिनिटांत आर्माचा स्टीफन मॅकडॉनल गोलासमोर मोकळा सापडला, तेव्हा कॉनर गॉर्मलीने त्याच्या पायावर झेप घेऊन चेंडू अडवला. त्या सामन्यातला सर्वांत मोठा क्षण फॉरवर्डचा नाही, बचावपटूचा आहे. ०-१२ विरुद्ध ०-९. टिरोनची पहिली सॅम मॅग्वायर कॅनव्हनने उचलली.

पुढच्या मार्चमध्ये मॅकनॅलन अचानक हृदयविकाराने गेला. २४ वर्षांचा होता, कॅनव्हननंतर कर्णधारपद त्याच्याकडे आलं होतं. ते वर्ष टिरोनने कसंबसं काढलं.

२००५ ही कॅनव्हनची अखेरची मोहीम. अल्स्टर फायनलच्या फेरसामन्यात बदली म्हणून उतरल्यावर लगेचच त्याला लाल कार्ड मिळालं आणि टिरोन आर्माकडून हरलं. जुन्या पद्धतीत हंगाम तिथेच संपला असता, पण २००१ पासून प्रांतात हरलेल्यांना मागच्या दाराने परत यायची सोय झाली होती. टिरोन त्या वाटेने सेमीफायनलला आलं. समोर पुन्हा आर्मा, बरोबरी, वेळ संपत आलेली, आणि एक फ्री किक. बदली म्हणून आलेल्या ३४ वर्षांच्या कॅनव्हनने ती घेतली. १-१३ विरुद्ध १-१२.

फायनलला केरी. मध्यंतराच्या थोडं आधी मलिगनने उंच चेंडू झेलला आणि आतून धावत आलेल्या आपल्या शाळेतल्या सरांच्या हातात दिला. कॅनव्हनने जोर लावला नाही, गोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात चेंडू नुसता सारला. त्याला पुन्हा बाहेर बसवलं, शेवटी पुन्हा आत आणलं. १-१६ विरुद्ध २-१०, टिरोन तीन गुणांनी पुढे. त्या सामन्यानंतर तो काउंटीकडून खेळला नाही. त्याच वर्षी सहावा ऑल-स्टार पुरस्कार मिळाला.

नंतर तो काही काळ फर्मॅनाचा मॅनेजर होता, टीव्हीवर विश्लेषणही करत असतो. टिरोनने २००८ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये ट्रॉफी जिंकली. २०२१ च्या संघात त्याचा मुलगा डॅरा होता, बहुतेक वेळा बदली म्हणून. आता डॅरा आणि त्याचा धाकटा भाऊ रुआरी दोघेही टिरोनचे फॉरवर्ड आहेत. २०२४ मध्ये एरिगल कियरानने तिसऱ्यांदा अल्स्टर जिंकलं तेव्हा पुढच्या फळीत हीच जोडी होती. जानेवारी २०२५ च्या ऑल-आयर्लंड क्लब फायनलमध्ये मात्र डब्लिनच्या क्वाला क्लबने त्यांना हरवलं. मुलं बापाला मागे टाकणार का, ही चर्चा टिरोनमध्ये हटकून होते. ती आकड्यांवर मिटणं अवघड आहे, कारण २०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या पॉइंटला दोन गुण मिळतात.